भोपाळच्या भिंतींवर आपले शेजारी

इंदूरच्या मराठी घरांसाठी भोपाळ हे कामाचं गाव आहे. वल्लभ भवनात फाइल अडकली की जायचं, नात्यात लग्न असलं की जायचं, वेळ उरलाच तर मुलांना मोठ्या तलावावर बोटीत बसवायचं आणि अंधार पडायच्या आत परतीच्या रस्त्याला लागायचं. फिरायला म्हणून आपण पुण्याला जातो, गोव्याला जातो, हल्ली दुबईलाही जातो. जेमतेम दोनशे किलोमीटरवरच्या भोपाळला मुद्दाम फिरायला कुणी जात नाही. म्हणून हा लेख. श्यामला हिल्सवरच्या मध्य प्रदेश जनजातीय संग्रहालयासाठी, फक्त तेवढ्यासाठी, दोन दिवस काढावेत आणि मुलांना घेऊन काढावेत, असं मला मनापासून वाटतं.

आम्ही डिसेंबरच्या सुट्टीत गेलो. आम्ही म्हणजे मी, नवरा, तिसरीतली लेक, साडेचार वर्षांचा धाकटा आणि माझे सासरे. आम्ही नवरा-बायको दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे एरवी घरातल्या घरातही लॅपटॉपच्या दोन टोकांना. सासरे बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या नोकरीची सहा वर्षं झाबुआ जिल्ह्यात गेली, १९८० च्या आसपास. ही गोष्ट घरात एखाद्या जुन्या ट्रंकेसारखी होती. आहे हे सगळ्यांना ठाऊक, उघडून कुणी पाहिली नव्हती.

लेकीबद्दल एक सांगायला हवं, कारण संग्रहालयच का, याचं उत्तर तिच्यात आहे. ती पाच वर्षांची असल्यापासून कागद दिसेल तिथे चित्रं काढायची. मागच्या वर्षी तिला एका चित्रकलेच्या वर्गात घातलं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड, हे चित्र तिथे सगळ्या मुलांनी सारखंच काढायचं होतं. (आपल्या माळव्यात नारळ कुठे दिसतो, असं तिनेच मला विचारलं होतं.) तिने एकदा जांभळी गाय काढली. 'गाय अशी नसते' असं म्हणून त्यावर फुली आली. काही महिन्यांत तिने चित्रं काढणंच बंद केलं. रडली नाही, चिडली नाही. रंगांचा डबा धाकट्याला देऊन टाकला आणि म्हणाली, "मला येत नाही."

आता संग्रहालयाकडे वळते.

हे संग्रहालय २०१३ साली सुरू झालं. वास्तुरचना रेवती कामत यांची. टेकडीच्या उतारावर उंच छपरं, लोखंडी खांब, मोकळे व्हरांडे आणि मधून मधून अंगणं. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते तिथे काय नाही हे. एरवी संग्रहालय म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ती काचेची कपाटं आणि त्यांत निवांत पडलेली भांडी. तसं इथे जवळजवळ काहीच नाही. इथे अख्खी घरं उभी आहेत. मातीने लिंपलेली, बांबूच्या कुडाची, कौलांची. गोंड, भील, बैगा, कोरकू, कोल, भारिया आणि सहरिया या मध्य प्रदेशातल्या मुख्य जमाती. त्यांच्यातल्या कारागिरांनी आणि चित्रकारांनी भोपाळला येऊन, आपल्या हातांनी हे सगळं घडवलं आहे. हात लावायला इथेही मनाई आहेच, पण मुलांना दारातून वाकून आत डोकावता येतं, झाडाखालून जाता येतं, मान वर करून बघता येतं. आमचा धाकटा पहिल्या दहा मिनिटांत तीन घरांच्या दारांत डोकावून आला आणि "इथे कोण राहतं?" असं त्याने प्रत्येक दारात विचारलं. संग्रहालयात विचारायला यापेक्षा चांगला प्रश्न मला तरी माहीत नाही.

दालनांची नावंही ऐकण्यासारखी आहेत. 'जनजातीय जीवन' मध्ये घरं आणि रोजचं जगणं. 'कलाबोध' मध्ये लग्नकार्यं, दागिने, वाद्यं, सण. 'देवलोक' मध्ये देव आणि पूर्वज. 'रक्कू' हे दालन खास मुलांच्या खेळांचं. शिवाय एक दालन शेजारच्या छत्तीसगढचं. आणि 'लिखंदरा' नावाचं दालन, जिथे आदिवासी चित्रकारांची प्रदर्शनं लागतात.

मुलांना फलक वाचून दाखवायचे नाहीत, असं आम्ही गाडीतच ठरवलं होतं. त्याऐवजी एक खेळ केला. गोंड चित्रं तुम्ही कुठेतरी नक्की पाहिली असतील. हरणाच्या शिंगांतून झाड उगवलेलं असतं, पक्ष्याच्या पोटात मासे पोहत असतात. जवळ जाऊन पाहिलं की लक्षात येतं, कुठलाही आकार सपाट रंगाचा नाही. तो बारीक ठिपक्यांनी, रेघांनी, खवल्यांनी, चंद्रकोरींनी भरलेला असतो. आणि हे भरण्याचं वळण प्रत्येक चित्रकाराचं वेगळं असतं, जवळजवळ सहीसारखं. मी मुलीला सांगितलं, "एक वळण निवड आणि ते आणखी कुठे सापडतं ते शोध." एरवी बग शोधण्याचा पगार घेते, तर हे मला सुचणारच. पुढचा पाऊण तास ती भिंतींना नाक लावून हिंडत होती. 'हे त्याचंच आहे', 'हे त्याचं नाही, याचे ठिपके घाईत काढलेत', असे निकाल देत होती. चार जणांत ती पहिल्यांदाच चित्रावर मत देत होती, आणि कुणी तिला चूक म्हणत नव्हतं.

या शैलीमागे एका माणसाची गोष्ट आहे. गोंडांमध्ये परधान हा गाणाऱ्यांचा समाज. बाना नावाचं तंतुवाद्य वाजवत ते आपल्या गोंड यजमानांच्या घरी जातात आणि बडादेवाच्या कथा गातात. बडादेवाचा वास साजाच्या, म्हणजे आपल्या ऐनाच्या, झाडात. पाटणगढ नावाच्या लहानशा गावातला जनगढ सिंह श्याम हा अशाच परधान घरातला मुलगा घराच्या भिंतीवर चित्रं काढायचा. १९८० च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनाची तयारी चालू असताना चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी गावोगाव माणसं पाठवून लोककलाकार शोधले, त्यात ही भिंत नजरेला पडली. जनगढ भोपाळला आला. जे देव आजवर गाण्यात होते, ते त्याने कागदावर आणले. १९८९ साली त्याची चित्रं पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. २००१ साली, ऐन उमेदीत, जपानमध्ये त्याचा मृत्यू झाला. पण तोवर त्याचे कितीतरी नातेवाईक आणि गाववाले ब्रश धरायला शिकले होते. आज या शैलीला 'जनगढ कलम' म्हणतात.

लेक मात्र थांबली ती दुसऱ्याच भिंतीपाशी. भूरीबाईंच्या.

भूरीबाई भील. झाबुआ जिल्ह्यातल्या, गुजरातच्या सीमेवरच्या पिटोलच्या. लहानपणापासून मजुरी केलेली. लग्नानंतर भोपाळला आल्या आणि भारत भवनाच्या बांधकामावर कामाला लागल्या. रोज सहा रुपये. हिंदी येत नव्हती. तिथे स्वामिनाथन यांनी कामावरच्या बायकांना विचारलं, घराच्या भिंतीवर काढता तसं चित्र इथे काढाल का? भूरीबाईंनी घरी गेरू, पानांचा रस असे रंग वापरले होते. इथे कागद आणि तयार रंग मिळाले. बसून चित्र काढण्याचे पैसे विटा उचलण्यापेक्षा जास्त मिळतात, याचं त्यांना नवल वाटलं होतं, असं त्यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे. भिलांमध्ये पिठोराचा घोडा फक्त पुरुषांनी काढायचा, बायकांनी नाही, हा रिवाज. म्हणून भूरीबाईंनी तो घोडा सोडून बाकी सगळं काढलं. झाडं, मोर, जंगल, देवाची ठाणी, आणि नंतर बस, विमान, टीव्हीसुद्धा. सगळं ठिपक्यांचं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या संग्रहालयाच्या एका लांबच लांब भिंतीवर त्यांनी आपलं सगळं आयुष्य रंगवलं आहे, गावापासून भोपाळपर्यंत.

मी हे सगळं लेकीला सोपं करून सांगितलं. ती बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग दोन प्रश्न आले. पहिला, "त्या कुठल्या क्लासला जायच्या?" मी म्हटलं, कुठल्याच नाही, घरी बघून शिकल्या. दुसरा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "आई, आपल्या बिल्डिंगशेजारी काम चाललंय, तिथल्या काकू पण झाबुआच्याच आहेत ना? मग त्यांना कुणी विचारलं का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. उत्तर सासऱ्यांकडून आलं, तेही वेगळ्याच वाटेने.

ते पलीकडे पिठोरासमोर बाकावर बसले होते. पिठोरा म्हणजे भील आणि राठवांच्या घरातल्या भिंतीवर काढलेलं देवाचं चित्र. घोडेच घोडे. नवस फेडायचा असला की काढणाऱ्याला बोलवतात, पूजा होते, बडवा गातो, गाव जेवतं. मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्ही हे खरं पाहिलंय?" आणि ट्रंक उघडली.

कर्जवसुलीसाठी मोटारसायकलवरून फळ्यांवर (तिकडे वस्तीला फळिया म्हणतात) कसं जायचे. दुष्काळाच्या वर्षी वसुलीला गेले तर घरात द्यायला काही नव्हतं, तरी बाईने मक्याची भाकरी आणि मिरची पुढे ठेवली. "त्या घरात असंच चित्र होतं. पार आढ्यापर्यंत घोडे. मी त्याखाली बसून जेवलो. काढलं कुणी, कशासाठी, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही. मी वहीत त्यांची बाकी लिहीत होतो." एवढं बोलून ते गप्प झाले. मग नातीला म्हणाले, "तू विचारतेस ते बरं करतेस."

मला तेव्हापासून एक गोष्ट सारखी जाणवते. आपली घरं होळकरांच्या काळापासून माळव्यात आहेत. गणपतीत आपण मुलांना महाराष्ट्राची लोककला म्हणून वारली चित्रं शिकवतो. जिव्या सोमा म्हसे यांचं नावही काही जणांना माहीत असतं. वारली कुर्ते, वारली पडदे, वारलीचे कप आपल्या घरांत आहेत, आणि ते चांगलंच आहे. पण झाबुआ इंदूरपासून दीडशे किलोमीटरवर आहे. तिथले लोक आपली घरं बांधतात, आपले रस्ते खणतात. त्यांची चित्रं मात्र आपल्या मुलांना ठाऊक नाहीत. डहाणूच्या भिंती आपल्याला ओळखीच्या आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या अनोळखी, हे जरा विचित्रच आहे.

असो. धाकट्याचीही गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तो मोठा झाल्यावर रागावेल. देवलोकात उजेड मंद आहे आणि आकृती मोठ्या आहेत. तो तिथे घाबरला आणि बाबाच्या खांद्यावर चढून बसला. नवसाला वाहिलेले मातीचे घोडे दिसल्यावर खाली उतरला. पण त्याचं खरं राज्य रक्कूमध्ये. खेळणाऱ्या मुलांच्या आकृती आणि ओळखीचे खेळ. इथे घरातल्या तीन पिढ्यांची भाषा एकदम समोर आली. पिट्ठू बघून सासरे म्हणाले "लगोरी", नवरा म्हणाला "सितोलिया", आणि मुलं म्हणाली "ये कौनसा गेम है?" गिल्ली-डंड्याला सासरे विटीदांडू म्हणतात हे मुलांना तिथे कळलं. बांबूच्या गेडीवर चढून चालायचं असतं, हे बघून धाकट्याने "आपल्याकडे का नाही?" असा सूर लावला तो हॉटेलपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भीमबेटकाला गेलो. भोपाळहून तासाभराचा रस्ता. या दोन जागा लागोपाठ पाहाव्यात असं मी म्हणेन. आदल्या दिवशी घराच्या भिंतीवरचे प्राणी पाहिले होते, इथे खडकावरचे पाहिले, हजारो वर्षांपूर्वीचे. ही चित्रं जगापुढे आणली ती विष्णु श्रीधर वाकणकर यांनी. आपल्याच माळव्यातले, नीमचला जन्मलेले, उज्जैनला राहिलेले. १९५७ साली रेल्वेच्या खिडकीतून त्यांना हे खडक दिसले, युरोपात पाहिलेल्या चित्रगुहांची आठवण झाली आणि ते शोधत आले. २००३ साली भीमबेटका जागतिक वारसा यादीत गेलं. एका खडकावर इतके प्राणी आहेत की त्याला झू रॉक म्हणतात. लेक म्हणाली, "यांनी पण गाय आपल्या मनाने काढलीय." तिच्या पिशवीत वही होती. तिथल्या दगडावर बसून तिने पेन्सिलीने एक बैल काढला. त्याचं पोट ठिपक्यांनी भरलं. आम्ही कुणी काही बोललो नाही. कौतुकसुद्धा केलं नाही, कारण कौतुक केलं की तिला ते गुणांसारखं वाटलं असतं.

जाणार असाल तर थोडं कामाचं. संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि दुपारी बाराच्या सुमारास उघडतं, त्यामुळे इंदूरहून सकाळी पोहे-जिलेबी खाऊन निघालात तरी वेळेवर पोचता. निघण्याआधी वेळा एकदा पाहून घ्या. मुलांना आधी पोटभर जेवू घाला. सगळी दालनं एका दमात करू नका. दोन दालनं, मग व्हरांड्यात अर्धा तास, मग पुन्हा दोन, हे आम्हाला झेपलं. लहान मुलाला देवलोकात आधी नेऊ नका, रक्कूने सुरुवात करा. वही आणि पेन्सिल न्या, स्केचपेन नको. आजी-आजोबांना नक्की न्या. चालावं बरंच लागतं, पण बसायला जागा आहेत, आणि गावाकडचं घर, जातं, उखळ, कणगी यांबद्दल त्यांना जे सांगता येतं ते आपल्याला येत नाही. तिथल्या 'चिन्हारी' नावाच्या दुकानात आदिवासी कारागिरांच्या वस्तू मिळतात. एखादी घेतलीत तर बनवणाऱ्याचं नाव विचारून घ्या.

परत आल्यावरची एक गोष्ट. शेजारच्या बांधकामावरच्या ज्या काकूंबद्दल लेकीने विचारलं होतं, त्यांना ती सासऱ्यांबरोबर जाऊन भेटली. सासऱ्यांनी मोडक्यातोडक्या भिलीत गाव विचारलं. त्या आधी दचकल्या, मग हसल्या. गाव राणापूरकडचं निघालं. चित्र काढता का, या लेकीच्या प्रश्नावर त्यांनी मान हलवली. त्या काढत नाहीत, त्यांची आई दिवाळीला भिंत रंगवायची. प्रत्येक मजुरणीत एक भूरीबाई लपलेली असते असं काही नसतं, आणि तसं समजून त्यांच्याकडे बघण्याची गरजही नाही. पण आता लेक येता-जाता त्यांना हाक मारते, आणि त्यांच्या मुलीला तिने आपला रंगांचा डबा दाखवला. तो तिने धाकट्याकडून परत घेतला आहे, त्यावरून घरात बरीच भांडणं झाली.

आता सासऱ्यांनी पुढचा बेत ठरवला आहे. होळीच्या आधीच्या आठवड्यात झाबुआ-आलिराजपूरकडे भगोरियाचे बाजार भरतात. चाळीस वर्षांनी त्यांना तिकडे जायचं आहे, नातवंडांना घेऊन. अटी त्यांनी आत्ताच सांगून ठेवल्या आहेत. तो त्यांचा बाजार आहे, आपण पाहुणे म्हणून जायचं. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही. आणि कुणी भाकरी पुढे केली तर आधी नाव विचारायचं.